पाण्याला न्यूमोनिया

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. एक दिवस चुकवायचा नाही. पुढे कुणी माझ्या कामाचा इतिहास लिहायला बसलं तर त्याची अडचण व्हायला नको.

विषय नोंदवून ठेवतो. न्यूमोनिया करणारे जंतू लवकरात लवकर कसे ओळखायचे. आमच्या मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये तीन पद्धतींची तुलना सुरू झाली आहे. तिन्हींचं तत्त्व एकच: जंतूच्या डीएनएचा छोटा तुकडा पकडायचा आणि त्याच्या अब्जावधी कॉपी काढायच्या, म्हणजे तो दिसतो. पहिली, साधी पीसीआर. जुनी, भरवशाची, संथ, सासऱ्यांच्या स्कूटरसारखी. दुसरी, रिअल-टाइम पीसीआर. मोठं मशीन, मोठा तोरा. तिसरी, लॅम्प. एक साधा गरम ब्लॉक, पासष्ट डिग्री, एक तास. जंतू असेल तर ट्यूब हिरवी होते, नसेल तर नारिंगीच राहते. संपलं.

पहिल्या दोन माझ्या ज्युनिअर संबोधीकडे. लॅम्प माझ्याकडे.

जी पद्धत जिंकेल ती गौतमपुऱ्याच्या नव्या तपासणी केंद्रात जाणार. तिथल्या लोकांना आज खोकणारं पोर घेऊन इंदूरपर्यंत यावं लागतं आणि रिपोर्टसाठी परत दुसऱ्यांदा. मोठं मशीन तिथे टिकणार नाही, लाइट जाते. म्हणजे लॅम्पच. म्हणजे इन्चार्ज मीच. आमच्या हेड यमुना मॅडम तसं बोलल्या नाहीत, पण मीटिंगमध्ये गौतमपुरा म्हणताना माझ्याकडे पाहत होत्या.

६ फेब्रुवारी

मधले दिवस कामात गेले. रोज म्हणजे अगदी रोज असं नाही.

संबोधी हुशार आहे, पण नियमांत अडकलेली. महूची आहे, आजोबा फौजेत होते, त्यामुळे तिला सगळं रांगेत लागतं. आज तिने मला लॅबचा रस्ता समजावला. स्वच्छ खोलीत रसायनं तयार करायची, पुढच्या खोलीत नमुना घालायचा, शेवटच्या खोलीत ट्यूब तापवायची. पुढे जायचं, उलटं यायचं नाही. आणि झालेली ट्यूब कधी उघडायची नाही. आत त्या तुकड्याच्या अब्जावधी कॉपी असतात सर, म्हणाली, एक थेंब उडाला तर महिनाभर पुरेल.

मी विचारलं, तू मला शिकवते आहेस का? म्हणाली, नाही सर, मी तर भिंतीला सांगत होते, तुम्ही मधे उभे होतात.

पहिल्या तुकडीत तिन्ही पद्धती जुळल्या. लॅम्पने निकाल सर्वांत आधी दिला. संबोधी म्हणाली, पद्धत खरंच चांगली आहे सर. तिच्या आवाजात मत्सर असणार. जाणवला नाही, पण असणार.

९ फेब्रुवारी

एक धक्कादायक प्रकार.

मी मूळचा परभणीचा. इंदुरात येऊन चार वर्षं झाली, पण जन्माने इंदुरी असलेल्यांना मी स्वच्छता शिकवू शकतो. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं कानावर पडलं की मी आधीच गेटवर हजर. गीला वेगळा, सूखा वेगळा, सॅनिटरी वेगळा, बॅटऱ्या वेगळ्या. दुधाची पिशवी मी धुऊन, वाळवून, घडी घालून देतो. कॉलनीने मला ‘स्वच्छता मित्र’ बिल्ला दिला आहे. तो मी लॅबच्या कोटावर लावतो.

आणि आमच्या लॅबमध्ये काय चालतं? झालेली ट्यूब आतल्या पाण्यासकट, झाकण लावून, पिशवीत बंद करून फेकतात! गीला आणि सूखा एकाच डब्यात! देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात!

निर्णय घेतला. गाजावाजा न करता स्वतःपासून सुरुवात. दिवसाचं काम झालं की ट्यूब उघडायच्या, द्रव बेसिनमध्ये ओतायचा, ट्यूब धुवायच्या, टिश्यूवर पंख्याखाली वाळवायच्या, मग सूख्यात. तापवायच्या खोलीत बेसिन नाही. माझ्या स्वच्छ खोलीत आहे (संबोधीची वेगळी), तेही मोठं. साफसफाई स्वच्छ खोलीत नाही करायची तर कुठे?

झालेली ट्यूब उघडू नये हे मला मान्यच आहे. पण काम संपल्यावर उघडणं याला उघडणं म्हणत नाहीत. त्याला वर्गीकरण म्हणतात.

१३ फेब्रुवारी

विजय! आजच्या तुकडीत संबोधीच्या दोन्ही पद्धतींनी जे नमुने निगेटिव्ह सांगितले, त्यातले दोन माझ्याकडे पॉझिटिव्ह. त्यांना जे दिसलं नाही ते मला दिसलं. याला संवेदनशीलता म्हणतात.

घरी बायकोला, ऋजुताला, सांगितलं. म्हणाली, आणि खरंच नसेल तर? बँकेत काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीत शंका घ्यायची सवय लागते. मी प्लेट पुढे केली. ती पोह्यांवर शेव घालत होती आणि शेवेचा डबा तिच्या हातात होता.

१७ फेब्रुवारी

आता पाच जास्त. पद्धतीला माझा हात लागत चालला आहे.

संबोधीने विचारलं, सर, पाण्याची ट्यूब बघितली का? नोंदीसाठी: प्रत्येक तुकडीबरोबर एका ट्यूबमध्ये नुसतं शुद्ध पाणी घालतात. ती नारिंगीच राहायला हवी. राहिली नाही तर कुठेतरी गडबड आहे असं समजतात.

पाहिली. किंचित हिरवट होती. चष्मा काढून पाहिली तर अजिबात नव्हती. निगेटिव्ह अशी नोंद केली.

१९ फेब्रुवारी

पाण्याची ट्यूब चष्म्याशिवायही हिरवी.

शोध लागला. पाणीच खराब. ज्या कंपनीकडून शुद्ध पाण्याच्या बाटल्या येतात तिला खरमरीत ईमेल लिहिला. मॅडमना कॉपी केला. दुसऱ्या कंपनीची बाटली उघडली. तीही हिरवी. त्याही कंपनीला ईमेल. देशात शुद्ध पाणी बनवणाऱ्यांची ही अवस्था.

संबोधी म्हणाली, सर, दोन्ही बाटल्यांचं पाणी माझ्याकडे निगेटिव्हच आलं. मी म्हटलं, तुझं मशीन मोठं आहे, पण नजर लहान आहे. ती हसली. वाक्य चांगलं जमलं होतं.

२१ फेब्रुवारी

सासरे दौलतराव आले होते. सांवेर रोडच्या कारखान्यातून रिटायर झाले, राहतात स्नेहलतागंजमध्ये, दर शनिवारी आमच्याकडे. जिना चढून आल्यावर दोनदा खोकले. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी लगेच लॅबमधून आणलेल्या काडीने घशातला नमुना घेतला. ते म्हणत होते, अरे भिया, हे काय करून राहिले, मी आताच पान खाल्लंय.

२३ फेब्रुवारी

दौलतराव पॉझिटिव्ह. न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू. ट्यूब अशी हिरवी की डोळे दिपावे.

तडक स्नेहलतागंजला गेलो. ते गच्चीवर पतंगाचा अडकलेला मांजा काढत होते, कठड्यावर चढून. मी खाली उतरवलं, सांगितलं, बाबा, तुम्हाला न्यूमोनिया आहे. म्हणाले, मानसजी, मी सकाळी राजवाड्यापासून पायी आलो, दोन प्लेट पोहे आणि जिलेबी दाबून. न्यूमोनिया कुठे ठेवला मग, खिशात?

हेच तर या आजाराचं कपट. रुग्णाला कळत नाही. पोहे बंद, शेव बंद, जिना बंद. स्वेटर घालायला लावला. फेब्रुवारीतल्या उन्हात त्यांना घाम फुटला. लक्षण क्रमांक दोन.

२५ फेब्रुवारी

ऋजुताचा नमुना: पॉझिटिव्ह. माझा: पॉझिटिव्ह. शेजाऱ्यांचा: पॉझिटिव्ह. कुणालाही काहीही झालेलं नाही.

मग शास्त्रीय वृत्तीने पुढे गेलो. नळाचं पाणी: पॉझिटिव्ह. चहा: पॉझिटिव्ह. जीरावन मसाला: पॉझिटिव्ह. काहीच न घातलेली ट्यूब: पॉझिटिव्ह.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा जंतू सर्वत्र आहे! हवेत, पाण्यात, मसाल्यात. आजवर जगाला कळलं नाही कारण आजवर जगाकडे माझी लॅम्प नव्हती. निबंधाचं नाव ठरवलं. ऋजुताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मानस, तू ना, आधी झोप काढ.

कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की गौतमपुरा केंद्राची जबाबदारी बहुधा माझ्याकडे येते आहे. एकोणीस अंगठे आले. ‘बहुधा’ कुणी वाचलं नाही. मीही पुन्हा वाचलं नाही.

२८ फेब्रुवारी

ऋजुताने परस्पर वडिलांना छातीच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे साफ. रक्त साफ. डॉक्टर म्हणाले, काकांची छाती तिशीतल्या माणसासारखी आहे. खोकला कशाने? पानातल्या कच्च्या सुपारीने.

दौलतराव एक्स-रे घेऊन आले आणि आमच्या खिडकीच्या काचेला चिकटवून गेले. म्हणाले, मानसजी, रोज सकाळी दर्शन घ्या. पाच दिवस माझे पोहे बंद केले तुम्ही. इंदुरात माणूस यापेक्षा कमी गोष्टीवर कोर्टात जातो.

माझं मत: एक्स-रे ही स्थूल पद्धत आहे.

२ मार्च

अंतिम चाचणी. मॅडमनी चाळीस नमुने दिले, फक्त आकडे घातलेले. कशात काय ते फक्त त्यांनाच माहीत. तिन्ही पद्धतींनी हेच चाळीस तपासायचे. निकाल मीटिंगमध्ये उघडायचा, त्यावर गौतमपुऱ्याचा निर्णय.

संध्याकाळपर्यंत माझे झाले. चाळीसच्या चाळीस हिरव्या. एका रांगेत ठेवल्या. शेतासारखं दिसत होतं.

क्षणभर वाटलं, सगळेच? मग वाटलं, मॅडमनी मुद्दाम सगळे आजारीच दिले असतील. त्या तशा कडक आहेत.

वर्गीकरण करून घरी गेलो. चाळीस ट्यूब धुवायला वेळ लागतो. पाठ भरून आली.

९ मार्च

होळीपासून लिहिणं राहिलं. काल रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, पाहिली. राजवाड्याच्या चौकात तोफेतून गुलाल आणि टँकरमधून रंग. मी एका दुकानाच्या छज्ज्याखाली, लांब, पांढरा शर्ट घालून उभा होतो. रंग आपल्यापर्यंत येणार नाही याची खात्री करून. घरी आलो तेव्हा ऋजुताने दारातच ओळखपत्र मागितलं.

१० मार्च

आज संबोधी न सांगता स्वच्छ खोलीत आली. मी कालच्या ट्यूब टिश्यूवर पालथ्या घालत होतो. पंखा चालू होता. ती दारातच थांबली. मग विचारलं, सर, हे काय आहे?

मी सविस्तर सांगितलं. गीला, सूखा, बेसिन, पंखा. कधीपासून, तेही सांगितलं. बिल्ला दाखवला.

तिने हळूच पंख्याचं बटण बंद केलं. पेनाच्या टोकाने. मग म्हणाली, सर, तुम्ही महिनाभर या खोलीत गेर काढताय, आणि मग पांढरा शर्ट शोधताय. तो कसा सापडेल?

मी म्हटलं, म्हणजे? म्हणाली, म्हणजे प्रत्येक ट्यूबमधून तुकडे उडाले सर. बेसिनवर, नळावर, तुमच्या रसायनांत. आता तुम्ही ट्यूबमध्ये काहीही घाला, सापडणार तेच. लॅम्प तुमच्या कालच्या कचऱ्याला आजचा पेशंट समजतेय.

इंदुरात? आणि घाण? मी तिला शहराचा नंबर कितवा आहे ते सांगितलं. ती म्हणाली, हां सर, माहितीये. मॅडमकडे जाते मी. तुम्ही कशाला हात लावू नका. प्लीज.

ती माझं कौतुक करायला मॅडमकडे गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पण लहान आहे.

१२ मार्च

मीटिंग. निळा शर्ट, निबंधाच्या सहा प्रती.

मॅडमनी पाकीट उघडलं. चाळीसपैकी अठ्ठावीस आजारी मुलांचे नमुने. त्यातल्या काहींत जंतू होता, काहींत नव्हता. उरलेल्या बारांत नुसतं पाणी.

संबोधीच्या दोन्ही पद्धतींनी बाराही पाणी म्हणून ओळखले. साध्या पीसीआरच्या हातून दोन आजारी मुलं निसटली. रिअल-टाइमने एकही सोडलं नाही.

मग माझा कागद. मॅडमनी चष्मा नीट केला. म्हणाल्या, टेकाळे, तुमच्या निकालानुसार पाण्याला न्यूमोनिया आहे. बाराही वेळा.

मी उठून ‘सर्वत्र’ हा सिद्धांत मांडला. जीरावनाचाही उल्लेख केला. खोलीत कुणी हसलं नाही, हे मला त्या वेळी चांगलं लक्षण वाटलं.

मीटिंग संपल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, टेकाळे, हेच तुम्ही गौतमपुऱ्यात केलं असतं तर? खोकणाऱ्या प्रत्येक पोराला औषध सुरू झालं असतं. आणि ज्याला खरंच आहे, ते त्या गर्दीत कुणाला दिसलं असतं?

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते मांडेपर्यंत मॅडम निघून गेल्या होत्या.

आता लिहायला बसलो तर ते उत्तर आठवत नाही.

१३ मार्च

संबोधीने ओल्या कापसाच्या काड्यांनी लॅबभर पुसून नमुने घेतले आणि मोठ्या मशीनवर लावले. बेसिन: पॉझिटिव्ह. नळ: पॉझिटिव्ह. पंख्याचं पातं, दाराची मूठ, माझी खुर्ची, थेंब मोजायचा माझा पिपेट: पॉझिटिव्ह. मशीनच्या पडद्यावर माझ्या बिल्ल्याची रेघ सगळ्यांत आधी वर चढली. संबोधी म्हणाली, एवढा जोरदार निकाल तिने आजवर पेशंटमध्ये पाहिलेला नाही.

दोन्ही पाण्याच्या कंपन्यांना माफीचे ईमेल लिहायला मॅडमनी सांगितलं. एकीला लिहिला. दुसरीला उद्या.

घरी जेवताना ऋजुताला सगळं सांगितलं. तिला हसू आलं, मग तिने ते आवरलं. आवरलं म्हणून जास्त लागलं. म्हणाली, पण कचरा तू खरंच छान वेगळा करतोस. मी म्हटलं, हो. वरण वाढ.

२० मार्च

मॅडमनी लॅम्प सोडली नाही. तिसऱ्या मजल्यावर कधी न वापरलेली एक खोली मिळवली. नवी रसायनं, नवे पिपेट. संबोधीने तेच चाळीस नमुने तिथे लॅम्पवर लावले. झालेल्या ट्यूब न उघडता बंद पिशवीत.

बाराही पाणी नारिंगी. आजारी मुलांत फक्त एक निसटलं. एका तासात सगळं. मोठ्या मशीनच्या जवळपास, आणि मशीनशिवाय.

म्हणजे मी पहिल्या दिवसापासून बरोबर होतो. लॅम्पच! मॅडमना तसं सांगितलं. म्हणाल्या, पद्धतीबद्दल तुम्ही बरोबर होता, टेकाळे.

पुढच्या वाक्याची वाट पाहिली. त्या फाइल वाचायला लागल्या होत्या.

२३ मार्च

गौतमपुरा केंद्र मंजूर. लॅम्प. इन्चार्ज: संबोधी.

मला तिसऱ्या मजल्यावर जायची मनाई. कोट, चपला, पेन, सगळं बदलल्याशिवाय स्वच्छ खोलीतही नाही. सध्या काम: अहवालाची भाषा तपासणे. त्यात ‘दूषित’ हा शब्द नऊ वेळा आहे. दोन ठिकाणी वाक्यरचना सुधारली.

कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सरजी, गौतमपुरा कधी जॉइन करताय? दौलतरावांनी माझ्या आधी उत्तर लिहिलं: तब्येत के कारण रुके हैं, पानी को न्यूमोनिया हो गया था. एकोणचाळीस अंगठे.

६ एप्रिल

गौतमपुऱ्याला केंद्र सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, या, बघा. गेलो.

एका खोलीच्या दोन खोल्या केल्या आहेत, मधे काचेचं दार. संबोधी आत. मला दाराच्या बाहेर उभं राहायला सांगितलं, तेही पायावर निळ्या टोप्या चढवून. नारळ वगैरे झालं. गर्दी पांगली.

पहिला पेशंट एक लहान मुलगा. आठवडाभर खोकतोय. आई त्याला मांडीवर घेऊन बाकावर. तासभर ती त्या गरम ब्लॉककडे पाहत होती. त्याच्यावर दिसण्यासारखं काही नसतं. मीही पाहत होतो.

तास झाला. संबोधीने ट्यूब उचलली आणि खिडकीकडे उजेडात धरली. पाण्याची ट्यूब शेजारी. दोन्ही नारिंगी.

मॅडम माझ्या बाजूला उभ्या होत्या. मी सांगणार होतो की अजून पाच मिनिटं ठेवून पाहायला हरकत नाही. मग लक्षात आलं की फेब्रुवारीनंतर मी नारिंगी ट्यूब पाहिलीच नव्हती. विसरलो होतो कशी दिसते. काही विशेष दिसत नाही. सुरुवातीला जशी होती तशीच दिसते.

संबोधी त्या बाईला हिंदीत सांगत होती, वो वाला निमोनिया नहीं है, ये दवा दो, तीन दिन में फर्क न पड़े तो वापस लाना. बाईने दोनदा विचारलं, पक्का नहीं है? संबोधी म्हणाली, पक्का. बाईने मुलाचं तोंड पदराने पुसलं, त्याला कडेवर घेतलं आणि दाराकडे आली.

दारात मी होतो.

म्हणाली, भैया, जरा हटना.

हटलो.